बुडालेल्या नौकेचे सुतक

माणसाच्या दुःखांची समाजाने एक अलिखित प्रतवारी करून ठेवलेली आहे. घरातले माणूस गेले तर दहा दिवसांचे सुतक, तेरावा, वर्षश्राद्ध अशी सारी व्यवस्था आधीच सिद्ध असते. शेजारी पिठलेभात घेऊन येतात, कचेरीत रजा विनातक्रार मंजूर होते, आणि शोक करणाऱ्याने किती बोलावे व भेटीस येणाऱ्याने किती वेळ बसावे याविषयीचे पिढ्यान्‌पिढ्यांचे संकेत दोघांच्याही मदतीला येतात. घर जळाले, उभे पीक आडवे झाले, तरीही हळहळणारी चार माणसे भेटतात, कारण ते नुकसान रुपये-आण्यांत मांडता येते आणि मांडता येण्याजोग्या दुःखाविषयी जगाची समजूत मोठी पक्की असते. परंतु एखाद्याची शिडाची नौका खडकावर आपटून फुटली आणि तो मात्र धडधाकट किनाऱ्याला लागला, तर पुढे कित्येक महिने त्याची झोप उडालेली असली, अन्नावरची वासना गेलेली असली, तरी त्याच्या वाट्याला बहुधा एकच वाक्य येते: जिवावरचे शेपटावर निभावले! हे वाक्य खोटे नसते आणि ते बोलणाऱ्याच्या मनात दुष्टावाही नसतो. मात्र ते ऐकून घेतल्यानंतर त्या माणसाला पुढे बोलण्यासारखे काहीच उरत नाही.

विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या सुविख्यात ग्रंथात 'मी' म्हणजे नेमके काय, याचा विचार करताना एक मार्मिक यादी दिली आहे. माणूस ज्याला ज्याला आपले म्हणू शकतो त्या सर्वांची बेरीज म्हणजे त्याचा 'मी', असे त्याचे प्रतिपादन आहे. आणि या बेरजेत देह, मनःशक्ती, वस्त्रे, घरदार, बायकामुले, पूर्वज, कीर्ती, जमीन, घोडे यांच्या पंक्तीला त्याने विहारनौकेलाही पाट मांडून दिला आहे. ही योजना केवळ श्रीमंतांच्या चोचल्यांची नोंद म्हणून केलेली नसावी, असे मला वाटते. कारण त्याच विवेचनात पुढे तो असे सांगतो की, मालमत्तेतला जो भाग आपल्या श्रमाने भिजलेला असतो तोच आपल्याला सर्वांत निकटचा वाटतो, आणि जन्मभर जमविलेला कीटकांचा संग्रह किंवा वर्षानुवर्षे लिहिलेले हस्तलिखित अकस्मात नष्ट झाले, तर आपणच पुसले गेलो असे वाटणार नाही अशी माणसे विरळा. पुढे जवळजवळ शंभर वर्षांनी, १९८८ साली, रसेल बेल्क या अभ्यासकाने हाच धागा उचलून 'विस्तारित स्व' ही कल्पना मांडली; वस्तूंचा वियोग हा काही प्रसंगी अक्षरशः स्वत्वाचा अंगच्छेद असतो, असे तिचे तात्पर्य.

आता श्रमाने भिजलेली वस्तू म्हणावी तर शिडाच्या नौकेसारखी दुसरी वस्तू शोधून सापडणे कठीण. लाकडी नौकेचा मालक हा बहुधा तिचा सुतार, रंगारी, शिंपी आणि भंगीही असतो. फळ्यांच्या सांधींत कापसाचा पीळ ठोकून वर लुकण कोणी भरले, कोणत्या फळीला मागल्या पावसाळ्यात कुजका डाग पडला होता, तळात साचणारे पाणी किती तासांनी उपसावे लागते, हे सारे त्याच्या हाताला पाठ असते. अंधाऱ्या रात्री वारा अचानक वाढला म्हणजे तो झोपेतून उठून उघड्यावर येतो आणि कंदील न लावता शीड उतरविण्याचा दोर नेमका मुठीत धरतो. गाठ कोणती आहे, ती कोणत्या बाजूने सुटते, हे डोळ्यांना विचारण्याची त्याला गरज पडत नाही. सुकाणूच्या दांड्याला येणाऱ्या कंपावरून शीड जास्त ताणले गेले आहे की कमी, हे त्याच्या तळव्याला कळते. नौका गेली म्हणजे लाकूड, कापड आणि लोखंड जाते हे तर खरेच. पण या हातांनी, या तळव्यांनी वर्षानुवर्षे मिळविलेली विद्याही एका रात्रीत निरुपयोगी होऊन बसते, कारण ती विद्या नौकानयनाची सर्वसाधारण विद्या नसून त्या एका नौकेची विद्या असते. अनेक दर्यावर्दी नौकेवरच राहतात, तेव्हा तेच त्यांचे घरही असते. आणि ज्याने जिवाला जीव देऊन वादळात तगविले ते घर बुडाले, यात कृतज्ञतेचाही एक काटा सलत असतो. शिवाय घर जळाल्यावर भिंती तरी उरतात, जागा तरी उरते. नौका बुडालेल्या ठिकाणी सकाळी पाहावे तर पाणी पूर्ववत सपाट झालेले असते.

या दुःखाला माणसे कशी सामोरी गेली याचे पहिले ठळक उदाहरण म्हणून जोशुआ स्लोकमचे नाव घ्यावे लागते. १८४४ साली नोव्हा स्कोशियात जन्मलेला हा कप्तान शिडाच्या व्यापारी जहाजांच्या शेवटच्या पिढीतला. 'अ‍ॅक्विडनेक' हे त्याचे स्वतःच्या मालकीचे जहाज; त्यावर तो बायकोमुलांसह राहत असे, आणि त्याच जहाजावर, ब्युनोस आयरेसजवळ नांगरून पडलेले असताना, १८८४ साली त्याची पहिली पत्नी व्हर्जिनिया निवर्तली. पुढे १८८७ च्या अखेरीस ब्राझीलच्या परानाग्वा उपसागरात हे जहाज वाळूच्या दांड्यावर चढले आणि निकामी झाले. जहाजाचा विमा नव्हता. स्लोकमने जहाज पडले होते त्याच स्थितीत विकले, खलाशांचे पगार चुकते केले, आणि स्वदेशी परतण्यासाठी कोणाच्या दारी तिकिटाची याचना करण्याऐवजी दुसरी पत्नी हेटी व दोन मुले यांना हाताशी धरून किनाऱ्यावरच एक छोटी नौका बांधावयास घेतली. स्थानिक लाकूड, फुटलेल्या जहाजातून वाचलेले सामान, हेटीने शिवलेली शिडे, अशा भांडवलावर सुमारे पस्तीस फुटांची 'लिबरदादे' तयार झाली; ब्राझीलमध्ये गुलामगिरी रद्द झाली त्या दिवशी, म्हणजे १३ मे १८८८ रोजी, ती पाण्यात उतरली म्हणून तिला स्वातंत्र्याचे नाव मिळाले. तीवर बसून हे कुटुंब साडेपाच हजार मैलांचा प्रवास करून अमेरिकेला पोहोचले. शोकशास्त्र त्या काळी अजून आकाराला आलेले नव्हते; पण हातांना काम देण्याचा जो उपाय पुढच्या शतकात पंडितांनी सप्रमाण सांगितला तो या माणसाने उपजत शहाणपणाने अमलात आणला होता.

स्लोकमची कथा इतक्यावर संपती तर ती शालेय पुस्तकात घालण्याइतकी गोंडस झाली असती. वस्तुस्थिती अशी की, अमेरिकेत परतल्यावर त्याला पूर्वीच्या तोलाचे जहाज पुन्हा कधीच मिळाले नाही. वाफेच्या युगात शिडाच्या कप्तानाला विचारतो कोण? तो किनाऱ्यावर अडकला. १८९२ साली एका जुन्या ओळखीच्या कप्तानाने त्याला मॅसेच्युसेट्समधील फेअरहेवन येथे एक जहाज देऊ केले, दुरुस्तीची थोडी गरज आहे एवढेच सांगितले; जाऊन पाहतो तो समुद्रापासून दूर एका शेतात कापडाखाली झाकून ठेवलेला, सात वर्षे पडून राहिलेला एक सांगाडा! ही थट्टा होती. पण स्लोकमने जवळच्या कुरणातला ओकवृक्ष तोडून तिच्यासाठी नवा कणा घडविला आणि तेरा महिने राबून ५५३ डॉलर ६२ सेंट खर्चात ती 'स्प्रे' पुन्हा उभी केली, जीवर एकट्याने बसून त्याने १८९५ ते १८९८ या काळात जगातली पहिली एकाकी पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. 'अ‍ॅक्विडनेक' निकामी झाल्यापासून 'स्प्रे' पाण्यात उतरेपर्यंत पाच वर्षांहून अधिक काळ लोटला होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. दुःखातून बाहेर येण्यास किती दिवस लागावेत याची मुदत ठरवू पाहणाऱ्यांनी तर विशेषच.

या विषयाचा खरा ग्रंथकर्ता मात्र बेर्नार म्वातेसिए हा फ्रेंच दर्यावर्दी होय, कारण त्याने एक नव्हे, तीन नौका गमावल्या. हानोई येथे १९२५ साली जन्मलेल्या आणि इंडोचीनच्या किनाऱ्यावर वाढलेल्या या माणसाची पहिली नौका 'मारी-तेरेझ' ही सयामच्या आखातातील पद्धतीची, गळकी आणि म्हातारी होती. तीवर बसून तो हिंदी महासागर ओलांडीत असताना १९५२ साली चागोस द्वीपसमूहातील दिएगो गार्सियाच्या प्रवाळखडकांवर आदळला. रेखांश काढण्यास लागणारे अचूक घड्याळ त्याच्यापाशी नव्हते, त्यामुळे आपण पूर्वपश्चिम दिशेत नेमके कोठे आहोत याचा त्याला अंदाजच करावा लागत होता. मॉरिशसला पोहोचल्यावर त्याने तीन वर्षे मिळेल ते काम केले आणि स्वतःच्या हातांनी दुसरी 'मारी-तेरेझ' बांधली. ती १९५८ साली कॅरिबियन समुद्रातील सेंट व्हिन्सेंट बेटाच्या किनाऱ्यावर फुटली. कारण साधे होते: थकून त्याचा डोळा लागला.

नौकेच्या वियोगात जो एक विशेष विषारी घटक असतो, तो येथे स्पष्ट होतो. वृद्ध पित्याच्या मृत्यूला मुलगा स्वतःला जबाबदार धरीत नाही. पण नौकेच्या बाबतीत कप्तान हा एकाच वेळी फिर्यादी, आरोपी आणि न्यायाधीश असतो. वाट त्याने निवडलेली असते, नांगर कोठे टाकावा हे त्याने ठरविलेले असते, आणि डोळा त्याचाच लागलेला असतो. 'अपघात कोणालाही होतो' या दिलाशाने या खटल्याचा निकाल लागत नाही. म्वातेसिएने काय केले? त्याने कैफियत लिहून काढली. मिळालेल्या जहाजावर नोकरी धरून तो युरोपात गेला, तेथे औषधे विकणाऱ्या एका कंपनीचा फिरता प्रतिनिधी म्हणून पोटापाण्याची सोय केली, आणि आपल्या दोन्ही नौका कशा गेल्या हे कोणताही बडेजाव न मिरविता एका पुस्तकात सांगितले. १९६० साली ते प्रसिद्ध झाले व गाजले. ते वाचून झाँ नोकेर या नौकाशिल्पज्ञाने त्याच्यासाठी आराखडा काढून देऊ केला, आणि शोफाय या गावी कारखाना असलेल्या झाँ फ्रिको याने केवळ पोलादाच्या किमतीत सांगाडा बांधून देण्याची तयारी दाखविली. अशा रीतीने जी बारा मीटर लांबीची तांबडी पोलादी नौका निर्माण झाली तिला स्लोकमच्या स्मरणार्थ 'जोशुआ' हे नाव देण्यात आले. तिच्या डोलकाठ्या म्हणजे तारखात्याचे खांब होते. फुटलेल्या दोन नौकांच्या कहाणीतून तिसरी नौका जन्माला आली, ही घटना वाङ्मयाच्या इतिहासातही दुर्मिळच म्हटली पाहिजे.

'जोशुआ'ची कीर्ती पुढे जगभर पसरली. १९६८ साली निघालेल्या, न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या पहिल्या शर्यतीत म्वातेसिए तीवरून सामील झाला, आणि जिंकण्याची शक्यता असताना शर्यत सोडून तसाच पुढे पूर्वेकडे जात १९६९ च्या जूनमध्ये ताहितीला जाऊन थांबला. पण आपल्या प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची ती १९८२ सालच्या डिसेंबरातली रात्र. मेक्सिकोतील काबो सान लुकास येथे उघड्या नांगरवाड्यात अनेक नौका नांगरून पडल्या असता अवेळी वादळ आले, वारा समुद्राकडून किनाऱ्याकडे फिरला, आणि पहाटेपर्यंत दोन डझनांहून अधिक नौका वाळूत येऊन एकमेकींवर चढल्या. 'जोशुआ' त्यांतली एक. पोलादी अंग वाकले होते, डोलकाठ्या गेल्या होत्या, पोटात वाळू भरली होती. म्वातेसिए तेव्हा सत्तावन्न वर्षांचा होता; तिला पुन्हा उभी करण्याचे द्रव्यही त्याच्यापाशी नव्हते आणि उभारीही नव्हती. मदतीला आलेल्या दोन तरुणांना त्याने ती नाममात्र किमतीला देऊन टाकली. त्या दोघांनी तिला वाळूतून उकरून काढून पाण्यावर आणली. म्वातेसिएसाठी मित्रांनी कॅलिफोर्नियात 'तामाता' नावाची दुसरी, लहान नौका बांधण्यास हातभार लावला.

अनुभवी दर्यावर्दी मोडलेल्या नौकेच्या भवितव्याचा निर्णय पहिल्या आठवड्यात घेऊ नये असे सांगतात, आणि सर्वसाधारणपणे ते योग्यच आहे. शोकाच्या भरात माणूस एकतर सगळे विकून मोकळा होऊ पाहतो, नाहीतर न परवडणारी दुरुस्ती अंगावर ओढवून घेतो. तथापि म्वातेसिएच्या निर्णयात जे होते त्याला घाई म्हणण्यास माझे मन धजत नाही. आपल्याला जी वाचविता येत नाही ती वाचवू शकणाऱ्या हातांत द्यावी, एवढा निर्ममपणा मालकी हक्काने जखडलेल्या मनाला सुचत नाही.

आता या चित्राची दुसरी बाजू. त्याच १९६८ च्या शर्यतीत नायजेल टेटली नावाचा ब्रिटिश आरमारातला अधिकारी आपल्या 'व्हिक्ट्रेस' या तीन अंगांच्या प्लायवूडच्या नौकेवर निघाला होता. ही नौका म्हणजे त्याचे व त्याच्या पत्नीचे घर. टेटलीने पृथ्वीला वेढा घालून आपली जातानाची वाट पुन्हा छेदली होती, म्हणजे एका अर्थी प्रदक्षिणा पुरी झाली होती. पण डॉनल्ड क्रोहर्स्ट हा प्रतिस्पर्धी आपण वेगाने मागून येत आहोत अशा खोट्या खबरा बिनतारी यंत्रावरून देत राहिला, आणि त्या खऱ्या मानून टेटलीने खिळखिळी झालेली नौका सोसवेल त्याहून अधिक शिडांवर हाकली. मे १९६९ मध्ये अझोर्स बेटांजवळ, घर सुमारे अकराशे सागरी मैलांवर आले असताना, 'व्हिक्ट्रेस' फुटून बुडाली. टेटली वाचला. त्याला सांत्वनपर एक हजार पौंड मिळाले. त्यानेही पुस्तक लिहिले. त्यानेही दुसरी नौका बांधावयास घेतली, आणि तिच्यासाठी द्रव्यसाहाय्य मिळविण्याकरिता दारोदार हिंडला, पण ते मिळाले नाही. फेब्रुवारी १९७२ मध्ये त्याचा मृतदेह सापडला. मृत्यूच्या चौकशीत कारणाचा निश्चित निर्णय होऊ शकला नाही. एका माणसाच्या अंताचा संबंध एका नौकेशी जोडून मोकळे होणे उतावळेपणाचे होईल. परंतु लेखन आणि नवी बांधणी हे दोन्ही उपाय टेटलीने केले होते हे विसरता कामा नये. म्वातेसिएच्या आणि त्याच्या परिस्थितीत मला जो भेद दिसतो तो एवढाच की, म्वातेसिएचे नुकसान लोकांनी ऐकून घेतले व त्यात आपला हात घातला; टेटलीच्या वेळी मात्र सारे जग एकीकडे विजेत्याच्या सत्कारात आणि दुसरीकडे क्रोहर्स्टच्या भीषण शेवटाच्या उलगड्यात गुंतलेले होते. बुडालेल्या 'व्हिक्ट्रेस'साठी थांबायला कोणाला फुरसत नव्हती.

समाज ज्याला शोकाचा दर्जा देत नाही अशा शोकाला केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ साली स्वतंत्र संज्ञा दिली. मराठीत त्याला हक्क नाकारलेला शोक म्हणता येईल. पाळीव प्राण्याचा मृत्यू, गर्भपात, घटस्फोटित जोडीदाराचे निधन असे प्रसंग त्यात मोडतात, आणि नौकेचा वियोगही निःसंशय त्याच वर्गातला. अशा शोकाचा त्रास दुहेरी असतो: एक मूळ दुःखाचा, आणि दुसरा, आपण हे दुःख करीत आहोत याची लाज वाटण्याचा. तेव्हा या बाबतीतली पहिली मदत अगदी साधी असते. नौका गमावलेल्या माणसाला ती कशी होती, कोठे कोठे नेली होती, आणि त्या दिवशी काय घडले, हे विचारावे आणि ऐकून घ्यावे. दुसरी कधी घेणार हा प्रश्न पहिल्या भेटीत तोंडातून काढू नये. तेरावा होण्याच्या आत दुसऱ्या स्थळाची चौकशी करण्यासारखे ते आहे.

शोकाच्या पाच पायऱ्यांचे कोष्टक हल्ली सर्वांच्या तोंडी आहे. ते एलिझाबेथ क्युब्लर-रॉस हिने १९६९ साली मांडले ते मरणोन्मुख रुग्णांशी केलेल्या संभाषणांवरून. मागे राहिलेल्यांनी त्या पायऱ्या क्रमाने चढाव्यात असा तो दंडक नव्हता. त्यापेक्षा नेदरलंड्समधील मार्गारेट स्ट्रोबे व हेंक शुट यांनी १९९९ साली केलेली मांडणी प्रत्यक्षाला अधिक जवळची आहे. शोकग्रस्त मन दोन टोकांच्या मध्ये हेलकावत असते, असे ते म्हणतात: कधी ते गेलेल्या गोष्टीकडे वळून रडते, कधी उरलेल्या व्यवहाराकडे वळून कामाला लागते, आणि हा हेलकावाच प्रकृतीचे लक्षण होय. नौका गेलेल्या मालकाला विमा कंपनीची पत्रे, बंदरखात्याचे जबाब, भंगाराची विल्हेवाट या कटकटी क्रूर वाटतात. पण सकाळी त्या कागदांत डोके घालणे आणि संध्याकाळी वाचलेले होकायंत्र पुशीत बसणे, यांपैकी एकही गोष्ट चुकीची नाही. लेखनाच्या बाबतीतही जेम्स पेनेबेकर याने १९८६ साली केलेला प्रयोग उल्लेखनीय आहे; मनाला लागलेल्या आघाताविषयी सलग चार दिवस पंधरा पंधरा मिनिटे लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना पुढच्या महिन्यांत दवाखान्याच्या खेपा तुलनेने कमी घालाव्या लागल्या. म्वातेसिएला हे सांगावे लागले नसते, आणि टेटलीला ते पुरले नाही.

सर्वांत विचित्र अवस्था त्याची होते, ज्याची नौका बुडालेली नसून केवळ सोडून द्यावी लागलेली असते. येथे आपल्या देशाशी निगडित एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन याने ज्या 'सुहेली'वर बसून १९६९ साली ती पहिली शर्यत जिंकली, ती नौका मुंबईत कुलाब्याला, इथल्या सुतारांनी, सागवानात बांधलेली. १९६४ च्या डिसेंबरात नारळ फोडून ती पाण्यात उतरली. या शर्यतीचा सुवर्णमहोत्सव साजरा करण्यासाठी २०१८ साली जी शर्यत झाली तीत भारतीय आरमाराचे कमांडर अभिलाष टॉमी हे 'सुहेली'च्याच बांधणीवरून गोव्यात, दिवाडी बेटावरील गोदीत तयार झालेल्या 'तुरिया'वर निघाले होते. त्या सप्टेंबरात दक्षिण हिंदी महासागरात वादळाने 'तुरिया' उलथली, तिच्या डोलकाठ्या मोडल्या आणि टॉमी यांच्या पाठीला गंभीर इजा होऊन ते झोपण्याच्या फळीवर हालचाल न करता पडून राहिले. तीन दिवसांनी 'ओसिरिस' या फ्रेंच गस्ती जहाजाने त्यांना उचलले. नौका तेथेच पाण्यावर तरंगत राहिली. जे गेलेही नाही आणि उरलेही नाही अशा वियोगाला पॉलीन बॉस या विदुषीने संदिग्ध वियोग म्हटले आहे. तिने ही कल्पना मांडली ती युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास करताना, आणि त्या दुःखाची बरोबरी कोणत्याही लाकडी वस्तूच्या वियोगाला करता येणार नाही. पण त्याची जात तीच आहे: ज्याची राख हाती येत नाही त्याचे तेरावे घालावयाचे कसे? टॉमी यांच्या पाठीच्या कण्यावर शस्त्रक्रिया झाली, आणि पुढच्या, २०२२ साली सुटलेल्या शर्यतीत दुसऱ्या नौकेवरून त्यांनी दुसरा क्रमांक पटकावला.

आपल्या कोकणपट्टीत या विषयाला आणखी एक अंग आहे. येथे होडी ही हौस नसून पोटाचे साधन. नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा होते तशीच तिचीही होते, आणि ती पूजा काही नफ्यातोट्याच्या हिशेबातून आलेली नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा, किंवा त्यापूर्वीच्या व नंतरच्या वादळांत, होड्यांचे जे पंचनामे झाले त्यांत 'अंशतः नुकसान' आणि 'पूर्णतः नष्ट' असे दोनच रकाने होते. सरकारला तिसरा रकाना ठेवता येणार नाही, हे उघड आहे. मदतीची रक्कम कशावर तरी ठरवावीच लागते. परंतु तलाठी व मत्स्यखात्याचा अधिकारी कागद भरून गेल्यावर ज्या होडीवर बापाने तांडेलकी केली तिच्या फुटक्या नाळेकडे पाहत बसलेल्या कोळ्याला नुकसानभरपाई मिळाली म्हणजे त्याचे समाधान झाले, अशी जी समजूत शहरात असते ती केवळ अज्ञानमूलक आहे. आणि एका होडीचे काय घेऊन बसलात, कोकणाच्या बंदराबंदरांत मालाची ने-आण करणाऱ्या शिडाच्या फतेमाऱ्यांची अख्खी जात आपल्या डोळ्यांदेखत नाहीशी झाली, आणि तिच्यासाठी कोणी एक दिवसही पाळला नाही.

वादळात नौका गमावणाऱ्यांपेक्षा वय झाल्यामुळे ती विकून टाकणाऱ्यांची संख्या अर्थातच फार मोठी आहे. गुडघे बोलू लागले, दोर ओढताना छातीत धाप भरू लागली, की एके दिवशी गिऱ्हाईक येते, दस्तऐवजावर सही होते, आणि पंचवीस वर्षांची सोबत कोणा परक्याच्या नावावर चढते. या वियोगाला अपराधीपणाचा काटा नसतो, पण त्याची स्वतःची एक चिवट खुपणी असते. नवा मालक तिचा रंग बदलतो, नाव बदलतो, आणि जुना मालक बंदरावर फिरावयास गेला की नजर चुकवितो. अशा माणसांनी नवे नाव पुन्हा पुन्हा पाहण्यास जाऊ नये, पण जुन्या नावाची पाटी मात्र मागून घ्यावी, हा सल्ला पुष्कळांना उपयोगी पडला आहे. नवा मालक समंजस असल्यास वर्षातून एकदा तिच्यावर पाहुणा म्हणून जाणेही वाईट नाही.

जतन करण्याच्या खटपटीतही वियोग दडलेला असू शकतो, हे 'सुहेली'च्या नशिबाने दाखविले. १९९० च्या दशकात तिला इंग्लंडमधील ग्रीनिच येथील राष्ट्रीय सागरी संग्रहालयात ठेवण्यात आले. पण संग्रहालयातील कोरड्या हवेत तिच्या सागवानी फळ्या आटू लागल्या. लाकडी नौकेला पाणी लागते, नाहीतर ती दाखविण्यापुरती उरते. नॉक्स-जॉन्स्टनने तिला तेथून बाहेर काढली, सवडीसवडीने कित्येक वर्षे तिची दुरुस्ती केली, गंजलेले लोखंडी खिळे-बोल्ट काढून नवे घातले, आणि २०१६ साली ती पुन्हा समुद्रात उतरविली. 'जोशुआ'च्या वाट्याला अधिक सुदैवी संग्रहालय आले. वाळूतून निघून, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर काही वर्षे काढून, १९९० साली ती फ्रान्समधील ला रोशेलच्या सागरी संग्रहालयाने विकत घेतली. १९९३ मध्ये तिला ऐतिहासिक वारशाचा दर्जा मिळाला, आणि त्याच्या पुढच्याच वर्षी म्वातेसिए वारला. ती मात्र तेथे धक्क्याला पाण्यावर असते, आणि संग्रहालयाचे लोक तिला शीड चढवून समुद्रावर नेतात.